चक्रीवादळ आणि पृथ्वीचे फिरणे

कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता सोडून वादळावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा आठवीतच सुटली. पुढचे जे काही आहे ते रात्री वाचनालयात बसून मिळवलेले. पण तीस वर्षे मी वावरलो तो बंदरातल्या खलाशांत आणि तांडेलांत. वारा हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. एका म्हाताऱ्या तांडेलाने मला एकदा विचारले, "भाऊ, आपल्याकडचं वादळ दर वेळी एकाच अंगाला का फिरतं? त्याला कोण शिकवतं?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम वादळ म्हणजे काय ते पाहू. तापलेल्या समुद्रावरची दमट हवा वर चढते, तिथला दाब कमी होतो आणि भोवतालची हवा ती उणीव भरून काढायला चहूकडून धावते. ती सरळ मध्यावर पोहोचली असती तर खड्डा भरला असता आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण ती सरळ पोहोचत नाही. का, ते समजण्यासाठी घरी एक प्रयोग करा. पोळपाटावर कागद चिकटवा. एकाने पोळपाट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी मध्यापासून कडेपर्यंत पेन्सिल सरळ ओढावी. हात सरळ गेला, तरी कागदावरची रेघ उजवीकडे वाकलेली दिसेल. पेन्सिलीला कोणी ढकलले नाही. तिच्याखालचा पोळपाट फिरला, इतकेच.

उत्तर ध्रुवावरून पाहिले तर पृथ्वीही काट्यांच्या उलटच फिरते. म्हणून उत्तर गोलार्धात धावणारी हवा आपल्या वाटेच्या उजवीकडे कलते. चहूकडून आलेला प्रत्येक झोत मध्याला उजवीकडून चुकवतो, मध्य त्याच्या डाव्या हाताला राहतो आणि सगळे झोत मिळून काट्यांच्या उलट गरगरू लागतात. दक्षिण ध्रुवावरून पाहिले तर हीच पृथ्वी काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते. म्हणून तिकडे सारेच उलट. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसे पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्यावर येणारी वादळे काट्यांच्या दिशेने फिरतात.

आता पृथ्वीचा आकार. ती सपाट पोळपाट नसून गोल आहे. ध्रुवावर पायाखालची जमीन दिवसाकाठी एक पूर्ण गिरकी घेते. विषुववृत्तावरची जमीन तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते खरी, पण जागच्या जागी गिरकी मुळीच घेत नाही. मुंबई १९ अंशांवर आहे. तिथल्या जमिनीची अशी एक गिरकी पुरी व्हायला सुमारे तीन दिवस लागतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांच्या आत चक्रीवादळे सहसा जन्मत नाहीत, याचे कारण हेच. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशाच्याही आत उठलेले 'वामेई' हे विरळा अपवाद ठरले.

शिवाय पृथ्वी नेमकी गोलही नाही. फिरण्यामुळे ती कमरेशी फुगली आहे. तिथली तिची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. जमिनीबरोबर फिरणारी हवा या फुगवट्यामुळे तोल सांभाळून असते. हवा पूर्वेकडे धावली की ती जमिनीपेक्षा वेगाने फिरू लागते आणि बाहेर फेकली जाऊन विषुववृत्ताकडे सरकते. पश्चिमेकडे धावली की मंदावते आणि ध्रुवाकडे ओढली जाते. आपल्या गोलार्धात या दोन्ही बाजू उजव्याच.

हा हिशेब १८३५ साली मांडला गास्पार कोरिओलिस या फ्रेंच माणसाने. तो वादळांचा नव्हे, फिरत्या यंत्रांचा अभ्यास करीत होता. यंत्र किती 'काम' करते हे मोजण्याची रीतही त्यानेच रूढ केली. माझ्यासारख्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटते ती त्यामुळे!

न्हाणीघराच्या मोरीतले पाणीही याच नियमाने फिरते, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नव्हे. मोरी मिनिटाभरात रिकामी होते, तेवढ्यात पृथ्वी असून नसल्यासारखी. पाणी हाताच्या हलण्याने आणि मोरीच्या उताराने फिरते. १९६२ साली अमेरिकेत शापिरो यांनी सहा फुटांच्या हौदातले पाणी चोवीस तास स्थिर ठेवून मग सोडले, तेव्हा कुठे पृथ्वीची फिरकी त्यात उतरली. वादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस जगते, म्हणून त्याला ती भोवते.

या विद्येचा उपयोग काय? डच शास्त्रज्ञ बाईज बालट यांनी १८५७ साली एक सोपा नियम सांगितला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचा मध्य तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असेल. कोकण किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून येत असेल, तर वादळ पश्चिमेला समुद्रात आहे. तोच वारा नैऋत्येचा झाला, तर वादळ वायव्येकडे सरकले. वादळ ज्या दिशेने चालले आहे तिच्या उजव्या अंगाला त्याची चाल आणि फिरकी यांची बेरीज होते, म्हणून तो भाग सर्वांत घातक. उत्तरेकडे चाललेल्या वादळाचे हे उजवे अंग आपल्या किनाऱ्याकडे असते.

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ असेच मुंबईच्या पश्चिमेने उत्तरेकडे गेले. त्यात समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरांहून अधिक कामगार गेले. हवामान खात्याच्या सूचना काही दिवस आधीपासून निघत होत्या. वारा कोणत्या बाजूने झोडपणार, हे जगाला १८५७ पासून ठाऊक होते. निसर्गाने नियम लपवलेला नाही. तो कचेरीतल्या नकाशावरून डेकवरच्या शेवटच्या खलाशापर्यंत वेळेत पोहोचवणे आणि नांगर उचलण्याचा शब्द वेळेत देणे, हे मात्र माणसाचे काम आहे.

त्या तांडेलाला मी आज सांगेन: वादळाला पायाखालची पृथ्वीच शिकवते, बाबा. तिने आपल्यालाही शिकवून ठेवले आहे.