क्वांटम फील्ड थिअरी: पुस्तक कोणतं घ्यावं?

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या! हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही. समर्थांच्या जांबेत, माझ्या गावी, सुट्टीत शंका विचारायला सर नसतात. म्हणून पुस्तकच नीट निवडायचं.

आधी ग्रिफिथ्सचं क्वांटम मेकॅनिक्स आणि सापेक्षता पक्की करा. ऊर्जेतून कण जन्मतात, नष्टही होतात. म्हणून इथे कणाऐवजी फील्ड मूळ धरतात.

मग लँकास्टर-ब्लंडेल (२०१४): छोटी प्रकरणं, सुरुवात आपल्या ओळखीच्या ऑसिलेटरपासून. पेस्किन-श्रोडर (१९९५) भक्कम, पण गणितं सोडवल्याशिवाय हाती काही लागत नाही. झी कल्पना छान सांगतो, पायऱ्या मात्र गाळतो. ‘असं का?’ हा प्रश्न छळत असेल, तर पुण्याच्या आयुकातले दिवंगत पद्मनाभन (२०१६) वाचा.

पैसे आणि वेळ दोन्ही मोजके, तेव्हा लायब्ररीत प्रत्येकाचं दुसरं प्रकरण वाचून बघा. जे पेन हातात घ्यायला लावेल, तेच तुमचं!