प्रवाळांचे उष्णतासोशिक सोबती

हैदराबादला समुद्र नाही. तरी प्रवाळांवरील संकटाची आगाऊ सूचना आपल्याच शहरातील ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून देते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहून त्याला अन्न पुरवतात. पाणी अंशभर अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की ती निघून जातात. प्रवाळ पांढरा पडतो, उपाशी राहतो. ‘ड्युरुस्डिनियम’ वंशातील शैवाले मात्र उष्णता सोसतात. त्यांच्यामुळे प्रवाळ एक ते दीड अंश अधिक ताप सहन करतो, असे ऑस्ट्रेलियात २००६ साली दिसले. पण वाढ मंदावते; औषधाचा असा दुष्परिणाम आपणां डॉक्टरांना ओळखीचाच. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली पांढरे पडले. दोन दुखण्यांत इतकाच अवधी मिळत असता मंद वाढीने झीज कशी भरून निघावी, हीच मला काळजी वाटते.