नावाच्या जागी प्रश्नचिन्ह

श्रोतेहो, कवितेच्या माणसाने कॉम्प्युटरवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मी साधा बी.ए. झालेला. पण २००७ साली एका अक्षरापायी माझ्या भाच्याच्या आणि माझ्या दोन रात्री गेल्या. अक्षराचा प्रश्न आला की कवीला गप्प बसवत नाही.

अकोल्यात मोर्णेपलीकडे, जुन्या शहरात आमचं एक लहानसं वाचनालय होतं. अर्धी पुस्तकं मराठी, अर्धी उर्दू. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. म्हणाला, "मामू, सभासदांच्या नोंदीचा प्रोग्राम करून देतो. आधी लायब्ररी कंपाइल करावी लागेल."

"अरे, लायब्ररी आहेच की आपली!" मी म्हणालो. तो हसत सुटला.

प्रोग्रामरची लायब्ररी म्हणजे तयार कामांचा साठा. पडद्यावरची खिडकी, बटन, यादी, लिहायची चौकट हे सारं दर वेळी नव्याने कोण करणार? कुणीतरी ते आधीच लिहून ठेवलेलं असतं, आपण आपल्या कामाला जोडून घ्यायचं. आम्ही घेतली ती 'डब्ल्यूएक्सविजेट्स'. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात तिची सुरुवात केली. नावातला 'डब्ल्यू' विंडोजचा आणि 'एक्स' युनिक्सवरच्या 'एक्स' नावाच्या खिडकी-व्यवस्थेचा. प्रोग्राम एकदाच लिहावा. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो कंपाइल करून चालवता यावा, ही तिची खुबी. ती स्वतःची बटनं रंगवत बसत नाही. ज्या घरी जाईल तिथलीच बटनं मागून घेते.

पण ही लायब्ररी मिळते ती माणसाला वाचता येणाऱ्या मजकुरात, म्हणजे सोर्समध्ये. यंत्राला तो मजकूर कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं, त्याला कंपाइल करणं म्हणतात. ते करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर.

भाच्याने सी ड्राइव्हवर फोल्डर केलं आणि त्याच्या नावात मोकळी जागा ठेवली नाही, कारण अशी जागा असली की काही साधनं वाटेतच अडखळतात. मग काळ्या खिडकीत हुकूम दिला. तासन् तास पडद्यावर ओळी सरकत होत्या. त्या रात्री मला तीन पथ्यं कळली. लायब्ररी आणि आपला प्रोग्राम यांना कंपायलर एकच हवा. चुका शोधायची डीबग प्रत आणि वापरायची रिलीज प्रत यांची सरमिसळ नको. आणि डीएलएल वेगळी ठेवली, तर ती प्रोग्रामसोबत दुसऱ्या यंत्रावर न्यायला विसरायचं नाही. आम्ही सगळं प्रोग्रामच्या पोटातच भरलं. फाइल जड झाली, पण एकटी चालू लागली.

विंडोजवर 'बसवणं' म्हणजे फार काही नसतं. कंपायलरला दोन वाटा दाखवायच्या: इन्क्लूड फोल्डरची आणि लिब फोल्डरची.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जुने सभासद जमले. सर्वांत वयस्कर चाचांना मानाने समोर बसवलं. भाचा त्यांचं नाव मराठीत टाइप करू लागला. प्रत्येक अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह! उर्दूतही तेच. चाचा चष्मा सावरत म्हणाले, "म्हणजे मी आहे की नाही, यांनाच शंका आहे का?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. ज्यांनी वाचनालयासाठी वर्गणी गोळा केली, त्यांच्याच नावाला यादीत जागा नव्हती.

चूक आमचीच होती. भाच्याने चाचणी केली ती फक्त इंग्रजीत. त्या वेळच्या २.८ आवृत्तीत दोन प्रकार होते, आन्सी आणि युनिकोड. काही न सांगता कंपाइल केलं की आन्सी तयार व्हायची. इंग्रजी किंवा उर्दूसारख्या लिपींसाठी आन्सीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एका तक्त्यात फार तर २५६ खाणी. अरबी-उर्दूचा असा तक्ता विंडोजकडे होता, देवनागरीचा मात्र कधीच नव्हता. जिला खाणं नाही, त्या अक्षराच्या जागी विंडोज प्रश्नचिन्ह ठेवून मोकळं होतं. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतःचा पत्ता आहे. देवनागरीची १२८ खाणी भारताच्या १९८८ च्या 'इस्की' मांडणीवर बेतलेली आहेत. उर्दूची अक्षरं अरबी लिपीच्या खाण्यांत आहेत. दोघी एकाच यादीत सुखाने नांदतात.

सूचनांच्या फाइलमध्ये हे सारं लिहिलेलं होतं, आम्ही ते वाचलं नव्हतं. दुसऱ्या रात्री हुकमात 'युनिकोड=१' एवढं जोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून कंपाइल केलं. तयार झालेल्या फोल्डरच्या नावाला शेवटी 'यू' हे एक अक्षर लागलं. त्याच अक्षरासाठी एवढा खटाटोप! वाचनालयातल्या विंडोज एक्सपीत आपल्या लिपींची सोयही सीडी घालून सुरू करावी लागली.

आज ही अडचण उरलेली नाही. २०१३ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून युनिकोड मागावं लागत नाही, तयार डीएलएलही मिळतात. तरी शिकणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे की पहिली चाचणी आपल्या आजीच्या नावाने करा, आणि ती तिच्या लिपीत करा.

तिसऱ्या दिवशी चाचांना पुन्हा बोलावलं. त्यांनी पडद्यावर दोन्ही लिपींतलं आपलं नाव बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "उर्दूत एक नुक्ता राहिलाय, बेटा."

भाच्याने तिथल्या तिथे तो दिला.