कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’, मग झटका का?

२९ ऑक्टोबर २०२१. कन्नड चित्रपटसृष्टीचा लाडका नायक पुनीत राजकुमार बेंगळुरूत अचानक गेला. वय अवघे ४६. रोज व्यायाम करणारा, पडद्यावर उड्या मारणारा हा माणूस हृदयाने दगा दिल्याने जावा, हे कुणाच्याच पचनी पडेना. पुढचे काही दिवस शहरातल्या जयदेव हृद्रोग संस्थेत ‘आमचेही हृदय तपासा’ म्हणणाऱ्यांची झुंबड उडाली. त्यात तिशी-पस्तिशीतले तरुणही होते.

अशा वेळी आपल्याकडे पहिली धाव असते ती रक्ततपासणीकडे. प्रयोगशाळेचा कागद हातात पडला की नजर थेट एका आकड्यावर जाते, तो म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल. २०० च्या आत असले की घरात आनंदीआनंद. संध्याकाळी बटाटेवडे. दोनशेच्या वर दहा जरी गेले, तरी तुपाची बरणी फडताळात वरच्या कप्प्यावर! पण या एका आकड्यावर आपल्या माणसांनी कितपत विसंबावे? या प्रश्नाचा माग काढण्यात बेंगळुरूचाच मोठा वाटा आहे.

हृदयविकार आणि कोलेस्टेरॉलचे नाते पक्के झाले ते मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून चाललेल्या पाहणीमुळे. वय, रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांची बेरीज करून पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगणारी कोष्टके तिथूनच आली. मात्र त्या गावची माणसे बहुतांशी गोरी. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांना हृदयविकार जास्त होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. भारतात राहणाऱ्यांचे काय, हे कुणी नीट तपासले नव्हते.

ते काम बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांच्या जोडीला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. सलीम युसुफ होते. हे युसुफ मूळचे केरळचे आणि सेंट जॉन्सचेच माजी विद्यार्थी. हृदयविकाराचा पहिलाच झटका आलेले २०० रुग्ण आणि त्यांच्याच वयाची, त्याच लिंगाची, झटका न आलेली २०० माणसे अशी तुलना त्यांनी केली. काय खाता, काय ओढता, शिक्षण किती, उत्पन्न किती, कंबर किती, रक्तात साखर किती, कोलेस्टेरॉल किती, सारे नोंदवले. १९९६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, आणि ते वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या.

सर्वांत मोठा गुन्हेगार ठरला तो तंबाखूचा धूर. सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्यांत झटक्याचा धोका सुमारे साडेतीन पट, आणि दिवसाला दहा किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांत साडेसहा पटींहूनही अधिक. (बिडी म्हणजे गरिबाची निरुपद्रवी चैन, असे मानणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) त्याखालोखाल रक्तदाब आणि मधुमेह, दोन्हींत धोका अडीच पटींच्या वर. उपाशीपोटीची साखर ‘नॉर्मल’ समजल्या जाणाऱ्या मर्यादेत असली, तरी ती जसजशी वर सरकते तसतसा धोकाही वाढतो, हेही दिसले. कमरेचा घेर नितंबांच्या तुलनेत जितका मोठा, तितका धोका जास्त. धूम्रपान आणि वाढलेली साखर एकत्र आली की धोका दहा पटींच्या पुढे.

आणि कोलेस्टेरॉल? झटका आलेल्यांत आणि न आलेल्यांत त्याच्या आकड्यांवरून काही फरक सांगता येईना!

याचा अर्थ कोलेस्टेरॉल निर्दोष, असा मात्र काढू नये. तसा प्रचार करणारे पुष्कळ भेटतात. एक गोष्ट लक्षात घ्या. झटका आल्यावर दिवसभरातच रक्तातले कोलेस्टेरॉल उतरू लागते आणि काही आठवडे ते खरे रूप दाखवत नाही. शिवाय दोनशे-दोनशे माणसांत सगळेच फरक उघडे पडत नाहीत. म्हणून पुढची पाहणी प्रचंड मोठी झाली. डॉ. युसुफ यांच्याच नेतृत्वाखाली, ५२ देशांत, झटका आलेले सुमारे १५ हजार आणि जवळपास तितकीच निरोगी माणसे. सेंट जॉन्सचे डॉक्टर यातही होते. ‘इंटरहार्ट’ नावाच्या या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली आले. या वेळी मेदाचे बिघडलेले प्रमाण थेट आरोपींच्या पहिल्या रांगेत बसले. मात्र मोजले होते ते एकूण कोलेस्टेरॉलपुरते नव्हे, तर मेद वाहून नेणाऱ्या दोन प्रथिनांचे परस्परप्रमाण.

हे जरा सोपे करून सांगते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते वाहनात बसूनच प्रवास करते. एलडीएल नावाची वाहने त्याला धमन्यांच्या भिंतींकडे नेतात, एचडीएलची वाहने परत यकृताकडे आणतात. प्रयोगशाळा आपल्याला प्रवासी किती ते सांगते. पण बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही विचारा, खोळंबा प्रवाशांच्या संख्येने होत नाही, वाहनांच्या संख्येने होतो. तीच माणसे चार बसमध्ये बसली तर रस्ता मोकळा, शंभर रिक्षांत बसली तर कोंडी. आपल्याकडे अनेकांच्या रक्तात अशा छोट्या, दाट एलडीएल-रिक्षा जास्त असतात. एकूण कोलेस्टेरॉल बेताचे दिसते, धमन्या मात्र भरत जातात. अपोबी नावाची चाचणी ही वाहने मोजते, कारण दर वाहनावर हे प्रथिन एकच असते.

याच पाहणीतून दक्षिण आशियातल्या पाच देशांचे चित्र २००७ साली वेगळे काढले गेले. आपल्या भागात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळपास ५९ व्या. म्हणजे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते, सारे अर्ध्यावर असताना. कारण काही गूढ नाही. तेच दोष आपल्यात लवकर शिरतात, इतकेच.

महाराष्ट्राचेही आकडे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीत महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील माणसांचे रक्त तपासले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक होते जेमतेम १४ टक्के. पण ट्रायग्लिसराइड वाढलेले जवळपास ३० टक्के, आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के! आपले दुखणे नेमके कुठे आहे, ते इथे दिसते.

तेव्हा कपाटातला जुना रिपोर्ट काढा आणि पेन्सिल घ्या. समजा, एका गृहस्थांचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २४० आहे. शेजारच्या काकूंचे एकूण २०५, एचडीएल ६६ आणि ट्रायग्लिसराइड ८०. पहिला आकडा पाहून गृहस्थ खूश, काकू चिंतेत. आता एकूणातून एचडीएल वजा करा. गृहस्थांचे उरते १५८, काकूंचे १३९. या वजाबाकीला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे त्रास देणाऱ्या सगळ्या वाहनांतला माल. एकूणाला एचडीएलने भागलेत तर गृहस्थांचे प्रमाण जवळपास ६, काकूंचे ३ च्या आसपास. आता चिंता कुणी करायची? या गणिताला वेगळी तपासणी लागत नाही, वेगळा पैसाही लागत नाही. तरी कितीतरी रिपोर्टांवर ते छापलेलेच नसते, आणि छापले तरी कुणी पाहत नाही.

भारतीय हृद्रोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली प्रथमच आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. साध्या निरोगी माणसाचे एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत असावे. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी मर्यादा आणखी खाली, आणि झटका येऊन गेलेल्यांचे एलडीएल तर ५५ च्याही आत. म्हणजे ‘नॉर्मल’ हा शब्द सगळ्यांना सारखा लागू नाही. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी, आणि सर्वसाधारणपणे त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही, असेही त्यात आहे. (ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तर डॉक्टर उपाशीपोटी बोलावतील.) घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल, तर लिपोप्रोटीन-ए ही चाचणी जरूर विचारावी. तो आकडा मुख्यतः आनुवंशिक असतो, पथ्याने फारसा हलत नाही, आणि चारातल्या सुमारे एका भारतीयात तो वाढलेला आढळतो.

खाण्यापिण्याबद्दल गैरसमज फार. ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ असे ठळक छापलेली तेलाची पिशवी आपण दोन रुपये जास्त देऊन घेतो. अहो, कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात दखल घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते! ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, मैदा, ढीगभर पांढरा भात आणि मद्य यांचा हात मोठा. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही त्याच पंगतीतली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरी गाड्यावर तेच तेल दिवसभर उकळते, त्याला कोण मोजणार? एचडीएल वाढवायला गोळी मात्र मागू नका. तसा एक प्रयोग २००६ साली अर्ध्यावर थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त झाले. एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिनची गोष्ट वेगळी. साधारण ३९ अंकांनी एलडीएल उतरले की झटका, पक्षाघात यांसारखी संकटे पाचव्या हिश्श्याने कमी होतात, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ‘आता रिपोर्ट चांगला आला’ म्हणून परस्पर गोळी बंद करणारे घरोघरी आहेत. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच ना?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये धोक्याची नवी कोष्टके काढली. त्यांत दक्षिण आशियासाठी स्वतंत्र तक्ता आहे, आणि ज्या गावात प्रयोगशाळाच नाही तिथे रक्त न तपासता वय, रक्तदाब, धूम्रपान आणि उंची-वजनावरून अंदाज बांधण्याचीही सोय आहे. त्यात आपल्या घरचे एक माप जोडायला हरकत नाही. शिवणयंत्राच्या खणातली टेप काढा, श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. आकडा रिपोर्टाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना तोच कागद न्या.