एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन : आधीची तयारी आणि नंतरची काळजी



"पाळीत दुखायचंच, सहन कर," हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी घरात ऐकलेलं असतं. थोडीफार कळ येणं वेगळं. पण दर महिन्याला शाळा, कॉलेज किंवा कामावर दांडी पडत असेल, गोळी घेऊनही अंथरुणातून उठवत नसेल, तर ते दुखणं साधं समजू नका. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के मुली व स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे. त्यांच्यापैकी काहींना डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. त्याची तयारी कशी करायची आणि नंतर काय जपायचं, हे आज आपण सोप्या भाषेत समजून घेऊया.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय?

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. पाळीच्या वेळी ते गळून रक्तावाटे बाहेर पडतं. या अस्तरासारख्या पेशी जेव्हा गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, बीजवाहिन्यांवर, आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढतात, तेव्हा त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्या जागी सूज येते, व्रण होतात आणि अवयव एकमेकांना चिकटू लागतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली तर आतला द्रव गडद तपकिरी दिसतो, म्हणून तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

हा कॅन्सर नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आजार थोडा असूनही दुखणं खूप असू शकतं. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच, असंही नसतं.

ऑपरेशन कधी आणि कसं करतात?

प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. बहुतेक वेळा आधी वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या देऊन पाहतात. गोळ्यांनी दुखणं थांबत नसेल, गाठ मोठी असेल, आतड्याला किंवा मूत्रमार्गाला अडथळा होत असेल किंवा गर्भधारणेत अडचण येत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

ते बहुधा दुर्बिणीतून, म्हणजे लॅपरोस्कोपीने करतात. पूर्ण भूल देऊन पोटावर लहान छेद घेतात, आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि आजाराचे भाग कापून काढतात किंवा जाळतात. पण ऑपरेशन झालं म्हणजे आजार कायमचा गेला, असं नाही. तो पुन्हा येऊ शकतो. गर्भाशय काढूनही काहींचं दुखणं राहतं. म्हणूनच काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे आधी बोलून ठरवायला हवं.

सर्वात महत्त्वाची तयारी : संमतीपत्र

आपण पिशवी भरतो, सुट्टी टाकतो, पण संमतीपत्रावर मात्र न वाचता सही करतो. असं करू नका.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. दिल्लीतल्या एका अविवाहित स्त्रीने तपासणीसाठीच्या लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. आत एंडोमेट्रिओसिस दिसला. ती भुलेत असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढण्यात आल्या. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर सज्ञान स्त्रीच्या वतीने आईची संमती चालत नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं.

यावरून आपण काय शिकायचं? निर्णय तुमचा आहे, आणि तो भूल देण्याआधी सांगायचा आहे. अर्ज इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगायला सांगा. डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा :

१. आजार कुठे कुठे दिसतोय? तो कापून काढणार की जाळणार?
२. आत जास्त आजार दिसला तर काय कराल? अंडाशय किंवा गर्भाशय काढायची वेळ येईल का?
३. आतड्यापर्यंत आजार असेल तर आतड्याचे सर्जन सोबत असतील का?
४. मला पुढे मूल हवं आहे. त्या दृष्टीने काय जपाल?

चौथा प्रश्न लग्न न झालेल्या मुलींनीही विचारावा. चॉकलेट सिस्ट काढताना तिच्यासोबत अंडाशयाचा थोडा चांगला भागही जाऊ शकतो आणि स्त्रीबीजांचा साठा कमी होऊ शकतो. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा हे दुसरं ऑपरेशन असेल, तर धोका वाढतो. म्हणून आधी ए.एम.एच. ही रक्ततपासणी करावी का आणि स्त्रीबीजं गोठवून ठेवावीत का, हे विचारून घ्या.

शरीराची आणि घराची तयारी

• हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर ऑपरेशनआधी वाढवायला वेळ मिळतो.
• चालू असलेली सगळी औषधं सांगा, काढे आणि घरगुती औषधंसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.
• दमा, अ‍ॅलर्जी, हलणारा दात, तंबाखू किंवा मिशरीची सवय भूलतज्ज्ञांपासून लपवू नका.
• साधारणपणे जेवण ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद करतात, पण तुम्हाला सांगितलेली वेळच पाळा. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत.
• खर्चाची चौकशी आधीच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते त्याला विचारा.
• घरी स्वयंपाक, पाणी भरणं आणि मुलांचं कोण बघणार, हे आधीच ठरवा.

ऑपरेशननंतरचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. पोटाच्या ऑपरेशनात खांदा का, असं वाटेल. पोटात राहिलेल्या वायूमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि त्याची नस खांद्याच्या नसांशी जोडलेली असल्याने कळ तिथे जाणवते. घाबरू नका, ती हळूहळू थांबते. परवानगी मिळताच थोडं थोडं चाला. त्यामुळे वारा सरायला मदत होते आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. आधी हलकं जेवा, भरपूर पाणी प्या. खोकताना पोटावर उशी धरा.

बैठं काम अनेकींना एक-दोन आठवड्यांत जमतं. जड कामाला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि मोठं ऑपरेशन असेल तर त्याहून जास्त. बाहेरचे छेद लहान असले तरी आतली जखम मोठी असते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं. "टाके तर एवढेसे आहेत" म्हणून तिला लगेच कामाला लावू नका. पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली, गॅस सिलिंडर उचलणं आणि मुलाला कडेवर घेणं टाळा. दुचाकी चालवणं, शरीरसंबंध आणि मेन्स्ट्रुअल कप कधीपासून चालेल, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

नंतरची पहिली पाळी जास्त दुखू शकते. एवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं समजू नका.

या वेळी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा

• १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप
• कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणं, सतत उलट्या
• लघवी न होणं
• तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधी असलेला स्राव किंवा टाक्यांतून पू
• एका पोटरीला सूज व वेदना, धाप लागणं किंवा छातीत दुखणं

पुढे काय?

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका फाइलमध्ये जपून ठेवा. लगेच मूल नको असेल तर आजार परत येण्याची शक्यता कमी करण्यासाठी डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनयुक्त कॉपर-टीसारखं साधन सुचवतात. बरं वाटलं म्हणून ते मध्येच बंद करू नका. मूल हवं असेल तर किती काळ प्रयत्न करायचे, हे पहिल्याच फेरतपासणीत विचारा.

समारोप

ऑपरेशन हा या आजाराच्या उपचारातला एक टप्पा आहे. प्रत्येकीचा आजार वेगळा असतो, म्हणून शेवटचा सल्ला तुमच्या डॉक्टरांचाच. पण प्रश्न विचारणं तुमच्या हातात आहे. आणि घरात एखादी मुलगी दर महिन्याला पोट धरून बसत असेल, तर तिला "सहन कर" म्हणण्याऐवजी "चल, डॉक्टरांकडे जाऊ" म्हणा.