मुंबईत मुक्काम कुठं करावा?

आपल्याकडं हॉटेल म्हटलं की चहा, भजी आणि फळीवर पडलेलं वर्तमानपत्र. राहायला खोली देतं त्यालाही हॉटेल म्हणतात, हे खेड्यातल्या माणसाला मुंबईत उतरल्यावर कळतं. आणि भाडं किती, हे कळल्यावर मुंबईत कशाला उतरलो असं होऊन जातं.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून वाचलेलं थोडंफार सोयाबीन लोकांनी काढून खळ्यावर आणलं होतं. जिंतूर तालुक्यातले एक शेतकरी पंचायत समितीत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, माल ओलाच विकून टाकू लागलो. चालंल का?"

मी नेहमीचंच सांगितलं. "भाऊ, घाई करू नका. चार-सहा दिवस ऊन दाखवा. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत उतरला की हमीभावाच्या केंद्रावर घेतात. यंदा क्विंटलला ५,३२८ रुपये भाव जाहीर आहे. व्यापारी ओल्या मालाला चार हजाराच्या वर जाणार नाही."

ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मंडळीला टाटाला न्यायचंय. सोमवारचं बोलावणं हाय. थांबायचं कुठं, त्याचाच घोर लागलाय."

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कीड-रोगाचं विचारलं असतं तर पाऊण तास बोललो असतो. ते गेले. सोबत सातवीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगीही नेली, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं. दादरला उतरल्यावर स्टेशनाबाहेर एका माणसानं "स्वस्तात खोली देतो" म्हणून हाताला धरून एका लॉजवर नेलं. रात्रीचे २,२०० रुपये, चौथ्या माणसाच्या गादीचे वेगळे. तपासण्या लांबत गेल्या आणि नऊ रात्री झाल्या. नुसतं भाडंच १९,८०० रुपये. चार हजाराच्या भावानं म्हणजे पाच क्विंटल सोयाबीन. घरात एकूण माल झाला होता चौदा क्विंटल.

हा हिशोब त्यांनी परत आल्यावर मला सांगितला, तेव्हा मी चौकशीला लागलो. जे कळलं ते इथं देतो, कारण हा प्रश्न काही एका घरचा नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला मुंबईत उतरायला जागा असायची. गिरण्यांच्या काळात त्यांच्या गावांनी परळ-लालबागच्या चाळींत गावकीच्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गावचा माणूस आला की पथारी तिथंच. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्या वाडवडलांचं येणं-जाणं हैदराबादकडं, मुंबईकडं नाही. म्हणून आपल्यातल्या पुष्कळांना परळमध्ये ना भाऊबंद, ना खोली. ज्याच्या ओळखीनं आमदार निवासात जागा मिळते त्याचं ठीक, पण ती चिठ्ठी दर वेळी मिळतेच असं नाही. आणि मनोरा आमदार निवास पाडल्यापासून तिथंही दाटीच आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झालं. देशभरातून माणसं तिथं येतात. ज्यांना जागा मिळत नाही ती जेरबाई वाडिया रस्त्याच्या फुटपाथवर पडतात. तपासणीला आलेली बाई, डोक्याचे केस गेलेली, फुटपाथवर ताट घेऊन बसलेली मी स्वतः पाहिली आहे. हे सगळं रुग्णालयाच्या दारातच, आणि आसपास सोय नाही असंही नाही. सोय आहे, पण ती दारावर पाटी लावून हाका मारत नाही. हाका मारतो तो दलाल.

दादर पूर्वेला श्री संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, हे आपल्या वारकऱ्यांना सांगायला नको. पंढरीला जाताना कोणी लॉज शोधत बसतं का? तोच धर्म मुंबईत बाबांच्या नावानं चालतो. टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात, जेवण मिळतं. दर वेळोवेळी बदलतात म्हणून आकडा देत नाही, पण लॉजच्या एका रात्रीच्या पैशात इथं कितीतरी दिवस निघतात. दुसरी जागा परळलाच, नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. ही संस्था १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांची सोय पाहते. वाशीला भारत सेवाश्रम संघाचं ठिकाण आहे. ते लांब पडतं, रोज लोकलनं यावं लागतं, पण जागा नसल्यापेक्षा बरं.

लेकराला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं नाव लिहून ठेवा. २००६ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था लेकरू आणि आई-बाप यांना उपचार चालू असेपर्यंत फुकट ठेवून घेते. आपण थेट जाऊन दार वाजवायचं नाही, रुग्णालयाकडूनच नाव जावं लागतं. जेवणाचं म्हणाल तर जीवन ज्योत ट्रस्टसारख्या संस्था टाटाच्या आसपास रोज अन्न देतात. त्यात लाज धरू नये. आपण सप्त्याची पंगत वाढतो, तशीच ही.

आता खरी गोम. यातल्या बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची फाईल दाखवावी लागते आणि रुग्णालयातल्या समाजसेवकांची चिठ्ठी लागते. टाटामध्ये यासाठी मेडिकल सोशल वर्क नावाचा स्वतंत्र विभाग आहे. फाईल निघाली की डॉक्टरकडं जायच्या आधी किंवा लगेच नंतर तिथं जाऊन "आम्ही परभणीचे, राहायला जागा नाही" हे एक वाक्य बोलायचं. आपला माणूस नेमकं हेच बोलत नाही. वाटतं, आजाराचं सोडून राहण्याचं काय विचारायचं? आमचे जिंतूरचे भाऊ आठ दिवस त्या दारावरून ये-जा करत होते.

चिठ्ठी मिळाली तरी जागा त्याच दिवशी मिळेल असं नाही, यादी असते. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींची तजवीज खिशात ठेवूनच निघावं. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर विश्रांतीगृह आणि डॉर्मिटरी असते. पक्कं तिकीट असेल तर पीएनआर नंबरवर ती आधी नोंदवता येते. लॉजच घ्यावा लागला तर दलालाच्या मागं जाऊ नका, आणि खोलीत पिशवी टेकवण्याआधी चार गोष्टी तोंडानं विचारून घ्या. भाडं कर धरून का कर सोडून, खोली चोवीस तासांची का दुपारी बाराला सोडायची, जादा माणसाचे किती, आणि अनामत परत कधी. एक हजाराच्या खालच्या खोलीलाही जुलै २०२२ पासून जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बिलावर बारा टक्के दिसले तर बोट ठेवून विचारा. प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ हवंच, लेकरांचंसुद्धा.

गाडी कोणती धरावी याचाही यात संबंध आहे. परभणीहून मुंबई साधारण साडेपाचशे किलोमीटर. तपोवन दिवसाची गाडी, बसायला बरी, पण ती मुंबईत रात्री पोचते. त्या वेळी कोणतं कार्यालय उघडं असणार? माणूस आपसूक दलालाच्या हाती जातो. देवगिरी रात्रभर चालून सकाळी पोचवते. दादरला उतरायचं, धीम्या लोकलनं पुढचंच स्टेशन परळ. दिवस हाताशी राहतो आणि एका रात्रीचं भाडंही वाचतं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये रेल्वेचं पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. पहिल्या खेपेला तो हाती नसतो, पण तिथून निघताना मागून घ्यावा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसतो. आपला जिल्हा आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत असल्यानं पांढऱ्या रेशनकार्डवाल्या शेतकऱ्यालाही ती आधीपासून लागू होती. पण नातेवाइकांच्या मुक्कामाचा खर्च त्यात नाही, आणि घर बसतं ते याच खर्चानं. इंजेक्शनचं बिल दिसतं, लॉजचं दिसत नाही.

माझं मत विचाराल तर मुंबईच्या आधी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावं. २०१२ मध्ये ते सुरू झालं. पुष्कळ उपचार तिथं होतात, मुंबईपेक्षा जवळही पडतं. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला जा म्हटलं तर मग मुंबई. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालयही गंगाखेड, सोनपेठकडच्यांना सोयीचं पडतं. गावात कोणी "टाटाशिवाय गुण नाही" म्हटलं की आपण थेट टाटाच धरतो, ही आपली खोड आहे.

आणि माणसं कमी न्या. धर्मशाळेत रुग्णासोबत साधारण एक-दोघांनाच घेतात. जिंतूरच्या भाऊंना दुसऱ्या खेपेला हेच सगळ्यात जड गेलं. मुलगा मामाकडं राहिला, पण धाकटी आईला सोडून राहीना. शेवटी नणंद घरी येऊन राहिली आणि पोरगी झोपेत असताना दोघं रात्री निघाले. त्या वेळी चिठ्ठी खिशात होती, तिसऱ्या दिवशी धर्मशाळेत जागा मिळाली. बारा दिवसांचा मुक्काम दोन रात्रींच्या लॉजच्या भाड्यापेक्षा कमी पैशात झाला.

गावोगावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि सरपंचांना एक विनंती. कार्यालयाच्या भिंतीवर पीक विम्याची मुदत लिहिता, त्याच्याच खाली या चार ठिकाणांची नावं आणि फोन खात्री करून लिहा. रंगाचा डबा तर उघडलेलाच असतो.

भाऊ परवा ऑफिसात आले होते. पुढच्या खेपेची देवगिरीची तिकिटं काढली आहेत. मंडळी आता भाकरी खाऊ लागली म्हणाले. मग खिशातून हरभऱ्याचा वाळलेला डहाळा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, ही मर हाय का पाण्यानं झालंय?"