बाण थिजला, डिस्क मात्र राबतेय

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप लगेच भंगारात जात नाही. त्यावर लिनक्स टाकलं की मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज अशी कामं निभतात. मग कधीतरी ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडे असताना कॉम्प्युटर हँग होतो. माउसचा बाण थिजतो, हार्डडिस्कचा दिवा मात्र सारखा लुकलुकत राहतो. आपला हात पॉवरच्या बटणाकडे जातो. त्याआधी तो दिवा पाहा. मशीन आतून राबतंय.

रॅम भरली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा मोकळी करायला प्रोग्रामच्या कोडची पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) टाकून देतो, कारण डिस्कवरच्या फाइलमधून ती पुन्हा वाचता येतात. पण चालू प्रोग्रामला पुढच्याच क्षणी तेच पान लागतं. ते आणायचं म्हणजे दुसरं टाकायचं. रॅममधून वाचायला सेकंदाचा साधारण एक कोट्यंश भाग लागतो, फिरत्या हार्डडिस्कवरून शंभरांश. म्हणजे लाखपट फरक. स्वॅप, म्हणजे रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा, बंद केल्यानेही सुटका नाही. उलट टाकण्यासारखं कोडच तेवढं उरतं. कर्नलकडे एखादा प्रोग्राम मारून मेमरी सोडवणारा 'ओओएम किलर' आहे, पण थोडीथोडी पानं मोकळी होत असतात तोवर तो हलत नाही.

२०१८च्या ४.२० आवृत्तीपासून कर्नल, मेमरीसाठी प्रोग्रामांना किती वेळ ताटकळावं लागलं, ते मोजतो. त्या आकड्यावर नजर ठेवणारं सिस्टमडी-ओओएमडी २०२१ला फेडोरा ३४मध्ये मुळातच चालू आलं. जुन्या मशीनसाठी मला साधं 'अर्लीओओएम' जास्त पटतं: उपलब्ध रॅम आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की ते जड प्रोग्रामला बंद व्हायला सांगतं.

दोष मेमरीचाच आहे, हे मात्र आधी तपासावं. पुन्हा सुरू केल्यावर जर्नलसीटीएलमध्ये मागच्या बूटची नोंद वाचा. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर प्रश्न मिटला. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तक्रारी असतील तर ब्राउझरचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा. काहीच नसेल तर मेमटेस्टने रॅम तपासा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पंख्यावरची धूळही.

बटण दाबून बंद केलं तर नोंदीच्या शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतीलच असं नाही. त्यापेक्षा ऑल्ट, प्रिंटस्क्रीन आणि एफ एकत्र दाबा; ओओएम किलर तत्काळ कामाला लागतो. उबंटूमध्ये ही सोय मुळात बंद असते: 'कर्नल.सिसआरक्यू'ची किंमत १७६ आहे, ती २४० करून ठेवा.